अकरा खोल्यांची झील

जया भोईरने अकरा वर्षं संगीत टाइप केलं आणि त्यातला एक सूरही ऐकला नाही.

तिचं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर. युरोपातले प्रकाशक जुन्या संगीतकारांची हस्तलिखितं स्कॅन करून पाठवायचे. इथे चौदा जण ती कॉम्प्युटरवर स्वच्छ उतरवून परत पाठवायचे. पाच आडव्या रेघा, त्यांच्यावर काळे ठिपके, ठिपक्यांना काड्या. दोन उभ्या रेघांच्या मधे जी जागा असते तिला ऑफिसात सगळे खोली म्हणायचे. दिवसाला सहाशे खोल्या भरायच्या. मशीनला स्पीकर नव्हते आणि हेडफोन आणायला बंदी होती. ग्राहकाचा माल बाहेर जाता कामा नये, असा नियम होता, आणि आवाज हाही मालच.

मुलाखतीत टीम लीडर सुशांतने तिला विचारलं होतं, "संगीतातलं काही कळतं?"

"नाही, सर."

"उत्तम. कळणारी माणसं थांबून थांबून काम करतात."

ती खोटं बोलली होती.

जया ठाण्यापुढच्या दिव्याची. स्टेशनच्या पूर्वेला इमारतींच्या दाटीत जुनं आगरी गाव आता शोधावं लागतं, तिथली. वडील धाकू मिठागरावर कामाला होते. मिठागर बंद पडलं तसे ते त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरचे वॉचमन झाले, आणि एका मे महिन्यात खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आई भीमाबाई धवलारीण. त्यांच्या गावात लग्नाला भटजीच्या आधी धवलारीण सांगावी लागे. हळद कुटण्यापासून मांडव उठेपर्यंत प्रत्येक कामाचा एक धवला असतो, म्हणजे गाणं, आणि ते सगळे तिला पाठ. धवल्यात ती देवांना बोलावते, खाडीला बोलावते, घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते. ओळ संपली की ती थांबते. मग मागे बसलेली बाई त्या ओळीचं शेपूट उचलते आणि परत म्हणते. ती झील. भीमाबाई सांगायची, धवला म्हणजे हाक आणि झील म्हणजे ओ. ओ मिळाली नाही तर आलेला पाहुणा दारातून परत जातो.

वयाच्या नवव्या वर्षापासून झील जया धरायची. आईचा आवाज उंच आणि कोरडा, हिचा खालचा आणि ओलसर. झीलेच्या शेवटी जया एक लहानसा हेलकावा घ्यायची, खाली जाऊन परत वर. तो आईने शिकवलेला नव्हता. आईने तो कधी मोडूनही काढला नाही. पाच गावांत या मायलेकींना बोलावणं यायचं.

चोविसाव्या वर्षी जयाचं लग्न झालं. कल्याणला दिली होती. दोन वर्षांनी नवऱ्याने तिला रिक्षातून दिव्याला आणलं, बॅग दारात ठेवली, चहा घेतला आणि गेला. परत आला नाही. भिवंडीला त्याचं दुसरं घर होतं, हे तिच्याआधी सगळ्यांना माहीत होतं.

आठच दिवसांनी शेजारच्या आळीत हळद होती. जया नेहमीसारखी आईच्या मागे सतरंजीवर बसली. नवरदेवाची आई वाकून भीमाबाईच्या कानाशी काहीतरी बोलली. भीमाबाईने मान मागे न वळवता सांगितलं, "जया, ऊठ."

"का?"

"टाकलेल्या बाईची झील लग्नात नको. ऊठ."

मांडवात पन्नासेक बायका होत्या. जया उठली. ढिगातून स्वतःच्या चपला सापडेपर्यंत त्या सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. एकीने तर तिला चप्पल शोधून दिली.

ती मांडवाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली. आतून आईचा आवाज आला. ओळ संपली. मागे कोणी नव्हतं. झील जेवढी लांब असते तेवढा वेळ आई गप्प राहिली, आणि मग तिने पुढची ओळ घेतली. त्या ओळीनंतरही तेच.

भीमाबाईने पुन्हा झीलकरीण घेतली नाही. चौदा वर्षं ती एकटी गायली आणि प्रत्येक ओळीनंतर झीलेएवढी जागा कोरी सोडत गेली. लग्नातली पोरं हसायची. "आजीचं नेटवर्क गेलं," म्हणायची. गावातलं लग्न असलं की जया दर वेळी बाहेर, टाकीपाशी. ओळ संपली की ती मिटल्या तोंडाने झील धरायची. आईने ती जागा आपल्यासाठी राखली आहे याबद्दल तिला शंका नव्हती. घरात हा विषय कधी निघाला नाही. निघायची गरजही तिला वाटली नाही. आई गाते आहे तोवर एकदा, फक्त एकदा, तिच्या मागे बसून ती जागा भरायची, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही तिने मागितल्याचं कोणाला आठवत नाही.

बेनितो साल्सेदोची हस्तलिखितं दिवाळीनंतर आली.

साल्सेदोला स्पेनमध्येही फारसं कोणी ओळखत नव्हतं. मरून सत्तर वर्षं झाली होती. आता त्याच्या सगळ्या रचना पहिल्यांदाच छापल्या जाणार होत्या. सोबत त्याच्या माहितीचा एक कागद होता. ऑपरेटरला तो द्यायचा नसतो, पण रुचिताने तो जयाला वाचून दाखवला. रुचिता डोंबिवलीची, तेवीस वर्षांची. साहित्यात एम.ए. केलं, दुसरी नोकरी मिळेना, म्हणून इथे प्रूफं तपासत होती. कॉलेजात असताना हौसेने स्पॅनिश शिकली होती. ऑफिसात जयाला 'जयाताई' म्हणणारी ती एकटी. बाकीचे तोंडावर 'भोईर मॅडम' म्हणायचे आणि पाठीमागे 'मीठवाली'.

"जयाताई, हा तुमच्यातला निघाला," रुचिता डबा उघडत म्हणाली.

"कोणाच्यातला?"

"बाप मिठागरावर होता. दक्षिणेला, समुद्राकाठी. सहा पोरं झाली, जगली दोन. हा आणि बहीण. रोसारियो नाव तिचं."

"ती काय करायची?"

"दोघं जोडीने व्हायोलिन वाजवायची. मिठागरावरच्या बायका गायच्या ती गाणी याने लिहून घेतली आणि त्यावर बारा तुकडे रचले. दोन व्हायोलिनांसाठी. एक त्याचं, एक तिचं."

"तिथे बायका मिठागरावर गातात?"

"गायच्या म्हणे."

"आमच्याकडे कोणी गात नव्हतं," जया म्हणाली. "तोंडात मीठ जातं."

जेवणाच्या सुट्टीत रुचिता त्याची गोष्ट पुढे सांगायची. जिथे कागद संपला तिथे ती इंटरनेटवरून शोधून आणायची. गावच्या पाद्र्याने त्याला शिकवलं. माद्रिदला गेला. तिथे त्याच्या कार्यक्रमातून लोक मधेच उठून गेले, कारण त्यांना मिठागरावरच्या बायकांचं गाणं सभागृहात ऐकायचं नव्हतं. परत गावी आला. पोरांच्या शिकवण्या घेतल्या. शेवटची वीस वर्षं तो एका खोलीत राहिला आणि कोणाशी बोलत नव्हता. का, ते कुठे सापडलं नाही.

जयाला तो अक्षरावरून कळत गेला. कागद महाग असावा, कारण पाच रेघा त्याने स्वतःच आखलेल्या होत्या आणि समासातही संगीत कोंबलेलं होतं. घाईत असला की ठिपक्यांच्या काड्या उजवीकडे झुकायच्या. चुकलं की खोडायचा नाही, खरवडायचा. स्कॅनमध्ये तिथे कागद पातळ झालेला दिसायचा.

आणि जयाला आता ठिपके ऐकू यायचे. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. पहिली पाच-सहा वर्षं ती नुसते ठिपके भरत गेली. मग हळूहळू ठिपका वर चढला की गळ्यात काहीतरी वर चढायला लागलं. सुशांतला कळलं असतं तर त्याने तिला कव्हरं टाइप करायला बसवलं असतं.

साल्सेदोचा पहिला तुकडा भरताना ती खुर्चीत मागे रेलली आणि हसली. पहिलं व्हायोलिन ओळ म्हणून थांबत होतं. दुसरं त्या ओळीचं शेपूट उचलत होतं. भाऊ धवला म्हणत होता आणि बहीण झील धरत होती. अकरा तुकडे असेच होते.

बारावा वेगळा निघाला. कागद जाड, अक्षर मोठं आणि सरळ, एक काडी झुकलेली नाही. पहिलं व्हायोलिन ओळ म्हणतं आणि थांबतं. दुसऱ्याच्या खोल्या कोऱ्या. संगीतात गप्प राहायचं असेल तर तशी खूण लिहितात. इथे खूणही नव्हती. सगळ्या तुकड्यात मिळून अशा अकरा खोल्या.

नियम असा की शंका आली तर ग्राहकाला विचारायचं. पण सुशांतने भिंतीवर पाटी लावली होती, 'प्रश्न म्हणजे उशीर'. आणि साल्सेदोच्या कामासाठी ज्या सूचना आल्या होत्या त्यात चौदावी अशी होती की संगीतकाराने पुनरावृत्ती थोडक्यात सोडून दिली असेल तर ऑपरेटरने ती आधीच्या नमुन्यावरून पूर्ण करावी. जयाने नंतर या सूचनेचा आधार कधीच घेतला नाही. घेता आला असता. खरं म्हणजे तिला शंकाच आली नव्हती. झील कोण लिहून ठेवतं? जिला ओळ येते तिला झील येते. हा शेवटी थकला असेल, बहिणीला सगळं ठाऊक आहे म्हणून त्याने जागा सोडल्या असतील, असं तिने धरलं.

तिने अकरा खोल्या भरल्या. आधी साल्सेदोच्या ओळींची शेपटं उचलली. पण हात आपल्या वाटेने गेला. प्रत्येक झीलेच्या शेवटी तिचा तो हेलकावा आला, खाली जाऊन परत वर. तिने तो काढला नाही.

प्रूफ रुचिताकडे गेलं. ती कागद घेऊन जयाच्या टेबलापाशी आली.

"जयाताई, मूळ पानात या खोल्या कोऱ्या आहेत."

"ती झील आहे. ती लिहीत नाहीत."

रुचिताने एकदा स्कॅनकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे. "छान दिसतंय," ती म्हणाली. "राहू दे." आणि खाली सही केली.

पंधरा दिवसांनी पुस्तकाची प्रस्तावना तपासायला आली. ती फक्त रुचिताने वाचली. तिसऱ्या पानावर ती गोष्ट होती. छत्तीस सालचा उन्हाळा, यादवी युद्ध. माणसं बेनितोला न्यायला घरी आली. तो माळ्यावर मिठाच्या पोत्यांमागे होता, असं गावात म्हणायचे. रोसारियोने सांगितलं की भाऊ घरात नाही. त्यांनी तिलाच नेलं. अंगणातून जाताना तिने दोनदा त्याच्या नावाने हाक मारली. का मारली ते कळायला मार्ग नाही. त्याने ओ दिली नाही. पहाटे तिला मिठागरावर गोळी घातली. बारावा तुकडा त्यानंतरचा. त्यातली हाक आता भावाची आहे आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या अकरा खोल्या त्याने मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. तिथे वाजवणारीने गज खाली करून उभं राहायचं. कोणीही उत्तर द्यायचं नाही.

फाइल आणखी दोन दिवस उघडी होती. दुरुस्ती मागितली असती तर प्रूफवर सही कोणाची, हे निघालं असतं. रुचिताने प्रस्तावनेतल्या स्वल्पविरामांच्या चार चुका काढल्या आणि फाइल बंद केली.

मार्चमध्ये प्रकाशकाकडून एक लिंक आली. साल्सेदोच्या गावच्या सभागृहात दोन विद्यार्थिनींनी छपाईआधीच्या पानांवरून बारा तुकडे वाजवले होते, त्याचं रेकॉर्डिंग. सोबत आभार. सुशांतने समोसे मागवले आणि मीटिंग रूमच्या टीव्हीवर ते लावलं. त्या गाळ्यात संगीताचा आवाज पहिल्यांदाच होत होता. लोक खात होते, बोलत होते. जया दाराशी हातात कागदी प्लेट घेऊन उभी होती.

बारावा तुकडा लागला. पहिली मुलगी ओळ म्हणून थांबली. दुसरीने गज उचलला आणि झील धरली. खाली गेली आणि परत वर आली.

जयाची प्लेट तिरकी झाली, चटणी साडीवर सांडली. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. चौदा वर्षं जी मिटल्या तोंडात फिरत होती ती झील आता टीव्हीतून येत होती, समुद्रापलीकडच्या एका पोरीच्या हातून.

"जरा स्लो आहे ना?" सुशांत म्हणाला आणि त्याने पुढे ढकललं.

संध्याकाळी ती क्लिप रुचिताकडून मोबाइलवर घेऊन जया घरी गेली. भीमाबाई ओट्यावर बसून सुकट निवडत होती.

"आई, हे ऐक."

भीमाबाईने ऐकलं. तिचे हात थांबले.

"यी झील माझ्या धवल्याची हाय."

"ओळखलीस?"

"माझंच चोरलेलं मना वलखू येनार नाय? कोन वाजवतंय?"

"परदेशातल्या मुली. मी लिहून दिली."

"लगीन कोनाचं हाय तिथं?"

"लग्न नाही, आई. कार्यक्रम आहे."

"मंग हाक कोनाला मारली?"

रोसारियोचं पुढे काय झालं, ते तेव्हा जयाला माहीत नव्हतं.

"मांडवात मेलेल्यांना बोलवतात, कारन तिथं त्यांच्या नावाचं पान वाढलेलं असतं," भीमाबाई म्हणाली. "तू फुकटची ओ दिलीस. आता कोन आला आसंल त्याला जेवाया काय घातलंस?" आणि तिने सुकटीचं सूप पुढे ओढलं. "बंद कर ते."

तरी जया त्या रात्री खूश होती. आईने झील ओळखली होती. तिच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

दोन दिवसांनी प्रकाशकाची मेल आली आणि तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल. पडद्यावर सत्तरीची एक बाई होती, पांढरे केस कापलेले, गळ्यात चष्मा. इनेस तिचं नाव. पुस्तकाची संपादक तीच, आणि रोसारियोची नातही. प्रकाशकाचा माणूस सुशांतशी इंग्रजीत बोलत होता. इनेसला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. ज्या हाताने ते लिहिलं तो हात तिला बघायचा होता. म्हणून जयाला बोलावलं आणि मधे रुचिताला बसवलं.

"त्या विचारतायत," रुचिता जयाकडे न बघता म्हणाली, "माझ्या आजीच्या जागेवर कोण बोललं?"

जया पडद्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सांग, जागा कोरी होती. आमच्याकडे हाकेला ओ द्यायची असते. नाहीतर आलेलं माणूस दारातून परत जातं. मला वाटलं, ती वाट बघत असेल."

रुचिताने सुशांतकडे बघितलं. मग ती पडद्याकडे तोंड करून काहीतरी बोलली. जयाला स्पॅनिश येत नव्हतं. पण तिचं बोलणं लांब होतं आणि रुचिताचे शब्द दोन होते, एवढं तिला कळलं.

इनेस बराच वेळ बोलली. तिचा आवाज चढला नाही. हे मात्र रुचिताने शब्दन् शब्द सांगितलं.

"त्या म्हणतात, आजीला नेलं तेव्हा माझी आई दोन वर्षांची होती. हाक मारली तेव्हा तिचा मामा बेनितो घरात होता का, हे ती त्याला आयुष्यभर विचारत राहिली. त्याने कधी सांगितलं नाही. या अकरा खोल्यांमध्ये त्याने पहिल्यांदा आणि शेवटचं कबूल केलं की मी ऐकलं होतं आणि गप्प राहिलो. दुसरीकडे कुठेही नाही. तिथे उत्तर भरून तुम्ही त्याला सोडवलंत. त्याला सोडवायचा हक्क माझ्या आईला होता. तिने सोडवलं नव्हतं."

पडदा काळा झाला. सुशांतने दार लावून घेतलं.

"प्रूफवर तुझी सही आहे, रुचिता."

"तेव्हा खूप पानं होती, सर. माझ्या लक्षात आलं नाही." तिने टेबलावरचं पेन उचललं. "जयाताई मला काही बोलल्या नाहीत."

रुचिता पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

"भोईर मॅडम?" सुशांत म्हणाला.

"बरोबर आहे. मी तिला काही बोलले नाही."

मांडवातून एकीला उठवलं की काम भागतं, हे जयाला माहीत होतं. दोघींना उठवायची गरज नसते.

"मुलाखतीत तुम्ही सांगितलं होतं, संगीतातलं कळत नाही."

"ते खोटं होतं."

"तेच." सुशांत उठला. "उद्यापासून येऊ नका. जाण्याआधी ती फाइल साफ करून द्या. तुम्हीच घाण केलीत, तुम्हीच निस्तरा."

ती मशीनवर बसली. सॉफ्टवेअरला कोरी खोली चालत नाही. आधी ठिपके पुसायचे, मग गप्प राहण्याची खूण घालायची, मग ती खूण दिसणार नाही अशी लपवायची. अकरा वेळा केलं. पंचवीस मिनिटं लागली. टीममधला कोणीतरी मागून म्हणाला, "मीठवालीने मीठ जास्त टाकलं," आणि दोघं हसले. फाइल रुचिताकडे गेली. तिने एक एक खोली तपासली आणि सही केली.

एप्रिलच्या शेवटी आळीतच लग्न होतं. जयाचा चुलतभाऊ साईनाथ, घरचं कार्य. भीमाबाईला बोलावणं होतं. पाच गावांत आता दुसरी धवलारीण उरली नव्हती आणि हिलाही बोलवायचं ते म्हातारी नाराज नको म्हणून. सकाळी दहाला हळद कुटायला घेतली. बायकांनी मुसळाला हात लावले. डीजेवाली पोरं कोपऱ्यात वायरी जोडत होती.

जया टाकीपाशी होती. दीड महिना ती घराबाहेर पडली नव्हती. नोकरी गेल्याचं तिने भाऊ हितेशला सांगितलं होतं. आईला कळलं होतं, पण आईने विचारलं नव्हतं.

भीमाबाईने धवला उचलला. गावदेवीला बोलावलं. खाडीला बोलावलं. मग घरची माणसं. सासरे, दीर, आणि मग नाव आलं, धाकू. ओळ संपली. आई थांबली.

जयाने तोंड उघडलं.

तिने ठरवून केलं नव्हतं. वडिलांचं नाव होतं आणि मागे कोणी नव्हतं. झील मांडवात गेली, खाली उतरली, हेलकावा घेऊन वर आली. इतक्या वर्षांनीही आवाज खालचा आणि ओलसरच होता.

मुसळ थांबलं. बायकांनी माना वळवल्या. जया टाकीला हात टेकून उभी होती. आई आता काय करणार ते बघत होती. आई मागे वळली असती, काही बोलली नसती तरी चाललं असतं.

भीमाबाई वळली नाही. तिने धवला पुन्हा पहिल्यापासून उचलला. गावदेवी, खाडी, सासरे, दीर, धाकू. ओळ संपली आणि या वेळी ती थांबली नाही. झील तिने स्वतःच धरली. आपला उंच, कोरडा आवाज खाली ओढून, खरडत. मधे खोकला आला. खोकून तिने ती पुरी केली आणि लगेच पुढची ओळ घेतली. तिचीही झील स्वतः म्हटली. त्यानंतरचीही. धवला संपेपर्यंत तिने एकही जागा कोरी सोडली नाही.

"आजीचं नेटवर्क आलं," डीजेवाल्या पोरांतला एक म्हणाला. बायकाही हसल्या. मुसळ पुन्हा सुरू झालं.

दुपारी भीमाबाई घरी आली. घसा बसला होता. जयाने पाण्याचा तांब्या दिला.

"चौदा वर्षं माझी जागा ठेवली होतीस," जया म्हणाली.

"तुझी?" भीमाबाईने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "दम लागतो मना. वय झालं. दम खायाला थांबायची."

"आज नाही लागला?"

"लागला."

"मग?"

"मंग काय. रिकामी ठेवली का कोन पन घुसतं." ती भिंतीला टेकून आडवी झाली. "जेवाया वाढ."

जयाने वाढलं. दोघी जेवल्या.

त्यानंतर काही दिवसांनी रुचिताचा मेसेज आला. लांब होता, तीन स्क्रीन भरून. प्रस्तावना, फाइल उघडी होती ते दोन दिवस, इनेसला तिने खरं काय सांगितलं ते. तिने सांगितलं होतं, 'ती माफी मागते.' जयाने मेसेज दोनदा वाचला. उत्तर पाठवलं नाही.

रविवारी सकाळी रुचिता दिव्याला आली. गल्ल्या विचारत विचारत तिने घर शोधलं. दार उघडं होतं, आड पडदा होता. तिने बाहेरूनच हाक मारली.

"जयाताई."

जया आत सूप घेऊन बसली होती. आता सुकट तीच निवडायची. तिने हात थांबवले.

"जयाताई, मी आहे. रुचिता."

खाटेवरून भीमाबाईने डोळे उघडले. "कोनतरी हाक मारतंय तुना," ती बसक्या आवाजात म्हणाली.

जयाने आईकडे बघितलं, मग पडद्याकडे. पडद्याखालून दोन पावलं दिसत होती, नव्या पांढऱ्या सँडलमधली. तिने एक काडी उचलून बाजूला टाकली. मग दुसरी. पावलं बराच वेळ तिथेच होती.

मग ती वळली आणि गेली.